मध्येच बंद करू नये

खटका पडल्याचा आवाज आला तेव्हा पेनिना स्वयंपाकघरात तारोच्या कंदांच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. आवाज इतका रोजचा, की कानांनी तो आधी मनावर घेतलाच नाही. या घरात संध्याकाळी सहा वाजले की दिवाणखान्यातल्या भिंतीवरचा खटका बंद होतो, चटई पसरली जाते आणि प्रार्थना सुरू होते. ती शाळेत होती तेव्हा त्या खटक्यावर नुसता टीव्ही होता. पुढे संगणक आला, मग राउटर आला, आणि बाबांनी एकेकाची वायर ओढत त्याच खटक्यावर आणून ठेवली, म्हणजे देवाच्या वेळेला सगळ्यांची तोंडं एकदम मिटतात. ऑकलंडमधल्या मांगेरेच्या त्या गल्लीत निम्म्या सामोअन घरांतून हेच चालायचं. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून जाणारी विमानं तेवढी बंद करता येत नसत, नाहीतर बाबांनी त्यांचीही वायर तिथे आणली असती. झाकण ठेवून तिने फडक्याला हात पुसले, आणि मग तिला एकदम आठवलं. राउटर. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. त्याच्या पडद्यावर राउटरमध्ये नवं सॉफ्टवेअर चढवणारी निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे सरकून थांबली होती आणि तिच्याखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नये.

ती दाराशी धावली तेव्हा फार उशीर झाला होता. बाबा चटईवर मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले, हात मांडीवर. आई तिच्या उंच पाठीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. टीव्हीखालच्या कपाटात, आईने क्रोशाने विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली, राउटरचा एकही दिवा लागलेला नव्हता. पेनिना दारातच थांबली. चाळिशी गाठली, लग्न केलं, मोडलं, ब्रिस्बेनहून बॅगा उचलून परत आली, एका विमा कंपनीत दहा माणसं हाताखाली ठेवली, पण प्रार्थना सुरू झाल्यावर बाबांना हाक मारायची हिंमत अजून तिच्यात आलेली नव्हती. ती गुपचूप चटईच्या कडेला बसली. बाबांनी पहिला सूर लावला.

भजन लांब होतं. ती गात होती, म्हणजे तिचं तोंड गात होतं. डोकं कपाटात जाऊन त्या डब्याची नाडी बघत होतं. जुनं पुसून झालं असणार आणि नवं पुरतं चढलेलं नसणार. म्हणजे तो आता ना जुना ना नवा, नुसता प्लॅस्टिकचा डबा. आणि सात वाजता सामोआतल्या सवाईई बेटावरून सगळे पडद्यावर येणार. बाबांचे थोरले भाऊ पाउलोकाका गेल्याला महिना झाला होता. घराण्याच्या प्रमुखाची, मताईची पदवी, जिच्याबरोबर घरातल्या सगळ्यांचं, जमिनीचं, भांडणांचं आणि लग्नकार्यांचं ओझं खांद्यावर येतं, ती रिकामी पडली होती. ती कोणाला द्यायची ते ठरवायला आज गावातले सगळे लानुओला आत्याच्या ओसरीवर जमणार होते. आत्या एतुआतेची, म्हणजे बाबांची, थोरली बहीण. तिने मागच्याच आठवड्यात फोनवर म्हणून ठेवलं होतं, "एतुआतेला सांग, रविवारी मी त्याला सगळ्यांसमोर विचारणार आहे." काय विचारणार ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पाठचा भाऊ जिवंत असताना पुतण्याला बसवलं तर लोक काय म्हणतील, हे आत्याचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि एकदा तिने तोंड उघडून विचारलं की संपलं. भावाने बहिणीला नाही म्हणायचं नसतं. तसा कुठे कायदा लिहिलेला नाही, पण बाबांच्या पिढीतल्या माणसाला श्वास घेऊ नको म्हणावं आणि बहिणीला नाही म्हण म्हणावं, दोन्ही सारखंच. पेनिनाने लहानपणी पाहिलं होतं, आत्या इथे राहायला आली की बाबा तिच्यासमोर आवाज चढवत नसत, ती बसलेली असताना उभ्याने बोलत नसत. तिने मागितलं म्हणून त्यांनी गावच्या चर्चच्या छपरासाठी गाडी विकली होती, आणि वर्षभर कारखान्यात बसने जात राहिले होते, चेहऱ्यावर एक आठी न पाडता. आज ती म्हणणार, पदवी घे, परत ये. हे म्हणणार, येतो ताई. आणि आई इथेच राहणार. मागच्या वर्षी तिला झटका आला तेव्हापासून उजवी बाजू अर्धीच जागी होती. विमान तर सोडाच, पण आठवड्यातून दोनदा इस्पितळात जाऊन हाताचा व्यायाम करायचा असे, आणि तो सवाईईच्या त्या गावात कोण करून घेणार होतं.

भजन संपलं. बाबांनी पुस्तक उघडून आईपुढे धरलं. वाचनाची पहिली ओळ आईची. झटक्यानंतर तिला शब्द फोडून वाचावे लागत, एखादं अक्षर जिभेवरच घसरे, मग ती थांबून परत चढाई करायची. बाबा कधी शब्द पुरवत नसत. पुस्तक धरून नुसते थांबत, हात न हलवता, जणू सगळ्या ऑकलंडमध्ये त्यांना दुसरं काम नव्हतं. आज ओळ लांब निघाली. आईने मध्ये दोनदा दम घेतला. पेनिनाला एकाएकी ते पुस्तक धरणारा हात रिकाम्या खोलीत दिसला. दूर, समुद्रापलीकडे, पदवीच्या मानाच्या चटईवर, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं आणि समोर धरायला पुस्तक नाही. इथे सकाळी आईचे केस कोण विंचरणार? ती विंचरेल, अर्थात. आणि हाच विचार गेले कितीतरी दिवस ती टाळत आली होती. बाबा गेले तर आई माझ्याकडे. आई माझ्याकडे म्हणजे मी इथे, या घरात, कायमची. हा विचार आला की तिला आधी भीती वाटे आणि लगेच लाज वाटे, आणि दोन्ही नकोत म्हणून ती काहीतरी कामाला लागे.

राउटरचं कामही त्यातलंच. मागच्या तीन-चार रविवारी आत्याचा चेहरा पडद्यावर मध्येच थिजायचा, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, आणि आवाज मागाहून तुकड्यांत यायचा. आई म्हणाली होती, "लानुओला इतका वेळ गप्प बसलेली मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहते आहे." पण बाबा हसले नव्हते. मग पेनिनाने ऑफिसातल्या डेक्लनला विचारलं. तो म्हणाला, "डबा जुना नाही गं, त्याचं डोकं जुनं आहे. त्याचं फर्मवेअर कधी बदललंयस? नाही ना? कंपनीच्या साइटवरून नवं उतरव आणि चढव. पण डब्याखालच्या चिठ्ठीवरचा नंबर बघून हां, आणि मध्ये वीज जाऊ देऊ नकोस. गेली तर तो डबा दाराला अडकण म्हणून वापर." तिने सगळं नीट केलं होतं. डबा उलटा करून नंबर वाचला, फाइल उतरवली, वायर थेट लॅपटॉपला जोडली. नीट करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाबांना घेऊन जाणारा रस्ता ती स्वतःच्या हाताने झाडून सारवून ठेवत होती, आणि कामात गर्क असल्यामुळे हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. चटईवर बसल्या बसल्या आत्ता आलं. आणि त्याबरोबर दुसरं काहीतरी आलं, जे तिला आधी ओळखूच येईना. छातीवरचा दगड कोणीतरी किंचित उचलून धरला होता. डबा मेला असेल तर आज सात वाजता कोणी दिसणार नाही. कोणी विचारणार नाही. देवाच्या पुढ्यात बसून आपण एका यंत्राच्या मरणाची आस धरतो आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि तरी तिने ती आस सोडली नाही.

चूक तिचीच. सहा वाजायला आलेले असताना कोणी असं काम काढतं का? पण ऑफिसचा निरोप आला, त्यात वेळ गेला, आणि तिला वाटलं पाच मिनिटांचं तर काम. शिवाय तिने बाबांना बजावलं होतं, "बाबा, आज तेवढा खटका राहू द्या, आत नवीन चढतंय." बाबा "हं" म्हणाले होते. म्हातारपण. हाताला सवय लागलेली, हात आपला सहा वाजले की भिंतीकडे जातो, डोकं मागाहून पोचतं. ती मनातल्या मनात त्यांना क्षमा करून मोकळी होत होती, तेवढ्यात तिला आठवलं, की ती तारो उतरवायला उठली तेव्हा बाबा टेबलापाशी उभे होते. चष्मा लावून. लॅपटॉपच्या अगदी जवळ वाकून, जसे ते औषधाच्या बाटलीवरचं वाचतात तसे. बराच वेळ.

बाबांनी तीस वर्षं पेनरोझच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी कापणारं यंत्र चालवलं. नाताळात कामगारांच्या मुलांना कारखाना दाखवत, तेव्हा ती एकदा गेली होती. डिंकाचा आणि ओल्या कागदाचा वास, कानात बोळे, आणि बाबा निळ्या डगल्यात, घरच्यापेक्षा उंच. यंत्रावर मुठीएवढं लाल बटण होतं. तिने विचारलं होतं, हे दाबलं तर काय होतं? बाबांनी तिला कडेवर उचलून बटणाखालची पाटी बोट ठेवून वाचून दाखवली होती, काम चालू असताना मध्येच बंद करू नये. मग आपल्या भाषेत समजावलं, मध्येच थांबवलं की आतला पुठ्ठा धड खोकं होत नाही आणि धड कागदही राहत नाही, सगळा बाहेर ओढून टाकावा लागतो. कोणाचं बोट अडकलं तरच दाबायचं. तीस वर्षांत त्यांनी ते एकदाच दाबलं होतं, एका टोंगन पोराची बाही आत ओढली गेली तेव्हा. पोराचा हात वाचला. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की तिच्यातला जीव केव्हाच गेला होता. आज चटईवर ती एकदम जिवंत झाली. पेनिनाने मान वर केली. बाबांची लांब प्रार्थना सुरू झाली होती, डोळे मिटलेले, आवाज नेहमीसारखा संथ. हा माणूस चालू यंत्र विसरून बंद करणाऱ्यांतला नव्हता.

बाबा देवाला सगळ्यांची नावं सांगत होते. नातवंडांची, शेजारच्या घरातल्या आजाऱ्याची, पेनिनाची, तिच्या नोकरीची. मग त्यांनी आपल्या बहिणीचं नाव घेतलं, आणि तिच्या गुडघ्यांसाठी, तिच्या झोपेसाठी मागणं मागितलं. मग फिलिपोचं, पाउलोकाकाच्या मुलाचं. "तो तिथेच आहे," बाबा म्हणाले, "त्याने बापाला खांदा दिला, होडी दुरुस्त केली, पाण्याच्या टाकीसाठी भांडला. ज्याचे पाय त्या मातीत आहेत त्याला तू बघ. आणि जे त्याला बघत नाहीत त्यांचे डोळे उघड. आणि माझ्या बहिणीला माझा राग येऊ देऊ नकोस." आईने डावा हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. वरून एक विमान गेलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि ते जाईपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "आमेन."

"आमेन," पेनिना म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "बाबा, तुम्ही वाचलं होतंत."

बाबा चटई गुंडाळायला लागले. "काय?"

"ते लाल अक्षरातलं. बंद करू नये म्हणून."

"इंग्रजी येतं मला वाचायला," बाबा म्हणाले. चटईची कड त्यांनी नीट जुळवून घेतली. "सहा वाजले होते."

"रोजच वाजतात," आई खुर्चीतून म्हणाली. जीभ जड झाली तरी तिचा तिखटपणा कुठे गेला नव्हता. "आज बरे वेळेवर वाजले."

"आई, तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी अर्धी बाई." ती डाव्या ओठाने हसली. "पण महिनाभर हा माणूस माझ्या उशाशी जागा आहे. घोरत नाही म्हणजे जागा आहे. मी म्हटलं, जायचंय? म्हणे, ताईने विचारलं तर जावं लागेल. मी म्हटलं, आणि नाही विचारलं तर? तेव्हा कुठे झोपला."

बाबांनी खटका वर केला. रुमालाखाली लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. पेनिना कपाटासमोर फरशीवर बसली, डबा मांडीत घेतला, तळाच्या बारीक भोकात आईच्या केसांतली पिन दाबून धरली. डेक्लनने हेही सांगितलं होतं, कधी कधी आत कंपनीने एक जुनी प्रत जपून ठेवलेली असते, नशीब असेल तर सापडते. दिवा विझला, लुकलुकला. लॅपटॉपवर उघडंबोडकं पान आलं, ना रंग ना चित्र, नुसता एक चौकोन, फाइल द्या म्हणणारा. तिने फाइल दिली. पट्टी पुन्हा शून्यापासून निघाली. घरात कोणीही भिंतीच्या जवळ गेलं नाही. बाबा तिच्या मागे पाठीशी हात बांधून उभे होते, आणि पट्टी टोकाला पोचली तेव्हा त्यांनीच सुस्कारा टाकला. यंत्र वाया गेलं नाही याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला, आणि पाठोपाठ, ते आता चालतंय हे लक्षात येऊन, त्यांचा चेहरा उतरला. दिवा पांढरा झाला. स्थिर, स्वच्छ, आजवर कधी नव्हता तसा.

पेनिनाचा मोबाइल वाजला. साधाच फोन होता, चित्र नसलेला, आणि आवाज थेट आत्याचा. मागे ओसरीवरची माणसं बोलत होती, कोणाचं तरी मूल रडत होतं.

"पेनिना, आम्ही सगळे बसलोय. तुमच्याकडचं काही दिसत नाही."

"आत्या," ती म्हणाली, आणि पांढऱ्या दिव्याकडे पाठ फिरवली. "आमचा राउटर बंद पडला होता." अजून बंदच आहे, हे खोटं तिला पुढे जोडता आलं नाही. नुकतंच आमेन म्हटलेलं तोंड होतं.

पलीकडे आत्याने कोणाला तरी मूल बाहेर न्यायला सांगितलं. मग पावलं ऐकू आली, आत्याचीच, एक गुडघा ओढत चाललेली, आणि माणसांचा आवाज लांब गेला.

"सहाला बंद पडला?" आत्याने विचारलं.

"हो."

"एतुआतेने बंद केला."

"प्रार्थनेला रोजच करतात ते, आत्या."

"मला शिकवू नकोस. ती सवय आमच्या बापाची. दिवा मोठा करायच्या आधी रेडिओची मान पिळायचा." आत्या थांबली. "आज सभा आहे हे त्याला माहीत होतं ना?"

"होतं."

"आणि तरी केला."

पेनिनाने फोन कानाशी घट्ट धरला. बाबा आईच्या खुर्चीशेजारी उभे होते, हात बांधलेले, जणू आत्या त्यांना बघू शकत होती. "आत्या, माझा फोन चालू आहे. बाबांना देऊ का?" ती म्हणाली. म्हणताना तिचा जीव वर आला, पण न म्हणता राहणं तिला जमलं नसतं.

"नको," आत्या लगेच म्हणाली. मग सावकाश, "दिलास तर मला विचारावं लागेल. सगळे कान देऊन बसलेत." तिचा श्वास ऐकू येत होता. "एसेता कशी आहे?"

"आई बरी आहे. आज पूर्ण ओळ वाचली तिने."

"पुस्तक कोण धरतं?"

"बाबा."

फोनवर लांबून लाटांची घुसळण येत होती. "फिलिपो आहे इथे," आत्या शेवटी म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. "पोरगा वाईट नाही. मीच शिकवीन त्याला, अजून मेले नाही मी. एतुआतेला सांग, डबा बंद पडला, त्यामुळे आमचं विचारायचं राहून गेलं. मी त्याला काही विचारलंच नाही. नीट सांग हां, शब्द बदलू नकोस."

"सांगते, आत्या."

"आणि त्याला म्हणावं, जेव."

फोन बंद झाला. पेनिनाने तो टेबलावर ठेवला आणि शब्द न बदलता निरोप सांगितला. बाबा ऐकत होते, डोकं जरा कलतं करून, एका कानाने कमी ऐकणाऱ्या माणसासारखे.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

"आत्या म्हणाली, विचारायचं राहून गेलं. मी त्याला काही विचारलंच नाही."

बाबा खाली बसले, आईच्या खुर्चीच्या हाताला धरून, आणि रडले. आवाज न करता, तोंडावर हात न घेता, लहान मूल रडतं तसे सरळ. पेनिनालाही रडू आलं, आणि त्यात भीतीही नव्हती आणि लाजही नव्हती. आई म्हणाली, "तारो गार होतोय," आणि डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावर थोपटत राहिली. थोड्या वेळाने बाबा उठले, तोंड धुऊन आले, टेबलाशी बसले आणि जेवायला लागले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. मग आईला घास देण्यासाठी त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.